तुलनेची माती

मंगळवारी सकाळी पडद्यावर अकरा हा आकडा आला आणि तो बरोबर आहे हे तिला ताबडतोब कळलं. चुकीचा आकडा कसा दिसतो हे चौदा वर्षांत तिला पाठ झालं होतं. तो जरा उतावळा असतो, शेजारचे आकडे त्याला साथ देत नाहीत, दुसऱ्यांदा मोजलं की तोंड फिरवतो. हा अकरा तसा नव्हता. शिशाच्या जाड भिंतींच्या पेटीत मातीची बरणी शनिवार, रविवार, सोमवार अशी तीन दिवस बसून होती. आतल्या गारठलेल्या स्फटिकानं मातीतून निसटणारा किरण न् किरण टिपला होता. पडद्यावर किरणोत्सारी सीझियमच्या जागी दरवर्षी एक ठसठशीत सुळका उभा राहायचा, तिथे आज नुसता उंचवटा होता. एका किलो मातीत सेकंदाला अकरा अणू फुटत होते, म्हणजे अकरा बेकरेल. जुन्या बरणीत गेल्या वर्षी ते शहाण्णव होते. दोन्ही बरण्यांवर एकच चिठ्ठी होती, तिच्याच अक्षरातली. 'तुलनेची माती. सार्वजनिक बाग, तळ्याच्या पूर्वेला.' फरक एवढाच की नवी बरणी खरोखर तिथली होती.

नवं यंत्र आलं नसतं तर हे झालंही नसतं. त्याला मोठी बरणी लागत होती, जुनी माती अपुरी पडत होती, म्हणून सर म्हणाले, "ताई, त्याच जागची आणखी थोडी घेऊन या," आणि ती शुक्रवारी दुपारी खुरपं, लोखंडी नळी आणि पिशवी घेऊन बागेत गेली. तळ्याच्या पूर्वेला गुडघे टेकून नळी मातीत दाबताना तिला काहीसुद्धा आठवलं नाही. आपण इथे पहिल्यांदाच आलोय हे आठवलं ते मंगळवारी, अकराकडे बघताना. दरवर्षी तीच चिठ्ठी नव्यानं लिहून चिकटवता चिकटवता ती जागा मनात इतकी पक्की झाली होती की तळ्यावरचा वारा, दमट गवत, पाठीमागच्या बाकावर कुणीतरी ठेवलेलं वर्तमानपत्र, हे सगळं तिनं जणू चौदा वर्षांपूर्वीच पाहून ठेवलं होतं. खोटं बोलणाऱ्याला खोटं लक्षात ठेवावं लागतं म्हणतात. तिला तेवढीही मेहनत पडली नव्हती.

तेव्हा नोकरीचा तिसरा आठवडा होता आणि पोटाचा सातवा महिना. सर म्हणाले होते, "ताडून बघायला साधी माती लागेल. शहरातली अशी जागा बघा जी पन्नास वर्षं कुणी उकरलेली नसेल. जुनी बाग बरी." पाऊस चार दिवस थांबत नव्हता. बागेला जायला दोन बस बदलाव्या लागत, आणि पोटातलं पोर सकाळपासून बरगडीला लाथा घालत होतं. ती खुरपं हातात घेऊन मागच्या दारात उभी राहिली. नवरा पाणीपुरवठ्यातली पाळी संपवून नुकता आला होता. तो म्हणाला, "इथलीच घे की. माती ती माती." स्वयंपाकघराच्या खिडकीखाली घर बांधल्यापासून कुणी खुरपं लावलं नव्हतं, म्हणजे अट तरी पुरी होत होती. त्यानं छत्री धरली, तिला वाकवत नव्हतं तरी तिनं वाकून पाच नळ्या भरल्या. छत्री तो सगळी तिच्या डोक्यावर धरत होता आणि स्वतः भिजत होता, आणि दोघंही हसत होते. ते हसू तिला मंगळवारी इतकं स्पष्ट ऐकू आलं की तिनं मागे वळून पाहिलं. मागे यंत्र थंड ठेवणारी नळकांडी होती आणि भिंतीवर हात धुण्याविषयीची सूचना.

तिचं काम तसं सोपं होतं. दर उन्हाळ्यात एक तुकडी वर हिमनदीवर जायची आणि बर्फातल्या लहान लहान खळग्यांतून काळा गाळ भरून आणायची. उडून आलेली धूळ, काजळी, शेवाळ यांचा तो गाळ. काळा म्हणून उन्हानं तापतो, तापतो म्हणून बर्फ वितळवत खाली रुततो, आणि वरून आलेलं जे जे काही वितळल्या पाण्याबरोबर वाहतं ते धरून ठेवतो, गाळणीत चहाची पूड राहावी तसं. कुणीतरी कुठेतरी कधीकाळी बॉम्ब उडवून पाहिले होते, कुठेतरी एक अणुभट्टी जळाली होती. ते सगळं वाऱ्यावर बसून इतक्या लांब येऊन त्या खळग्यांत जमा झालं होतं. गाळाचे आकडे हजारांत, कधी दहा-वीस हजारांत यायचे. त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण बर्फावर कुणी राहत नव्हतं. प्रश्न खालच्या कुरणाचा होता. वितळलेलं पाणी तिथूनच उतरायचं, तिथे मेंढ्या चरायच्या, लोक अळंबी गोळा करायचे. सहा वर्षांपूर्वी कुरणवाल्यांनी लेखी विचारलं होतं, आमची माती बरी आहे ना? तिनं मोजली. कुरणाच्या वरच्या टोकाची माती एकशे सतरा, तुलनेची माती एकशे दहा. अहवालात तिचं वाक्य होतं, 'कुरणातील मातीत शहरातील मातीहून विशेष फरक आढळत नाही.' त्याखालचं वाक्य सरांचं होतं, 'पुढील नमुने घेण्याची आवश्यकता दिसत नाही.' सरांचं वाक्य तिच्या वाक्याच्या खांद्यावर उभं होतं, आणि तिचं वाक्य स्वयंपाकघराच्या खिडकीखाली.

सरांनी जुन्या-नव्या आकड्यांचे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, साधा, पुरता दमलेला माणूस. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "बागेत भर टाकली असेल हो. बाहेरून आणलेली माती. आजकाल सगळीकडे हिरवळ अंथरतात."

"असेल," ती म्हणाली.

"मग जुन्याच आकड्यावर चला. हे नवं बाद करू."

"बरं."

इतकं सोपं होतं ते. जागेवर येऊन तिनं नव्या बरणीवर आडवी रेघ मारली आणि मग बराच वेळ ती रेघ बघत बसली. सरांनी दार उघडून दिलं होतं, आणि त्यांना ते दार आहे हेही ठाऊक नव्हतं. दुपारच्या सुट्टीत ती डबा न उघडता बागेत गेली. तिथला माळी झारीच्या तोंडात अडकलेला पाला काडीनं काढत होता. इथे कधी भर टाकली का, असं तिनं विचारलं, आणि विचारताना आपल्याला काय ऐकायचंय हे आपल्या आवाजात उतरलंय असं तिला जाणवलं. माळी हसला. "भर? बाई, गुलाबांना दोन पाट्या माती मागून मला तीन वर्षं झाली. साहेब म्हणतात अर्ज विचाराधीन आहे. हिच्यात कुणी काही घातलेलं नाही, काढलेलं नाही. माझा बाप होता इथे माझ्याआधी." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, "का? काय सांडलंय का कुणी?"

ऑफिसात न परतता ती चालतच घरी निघाली. रस्ते रोजचेच होते, पण पायाखालची जमीन तिला पहिल्यांदाच जमीन म्हणून जाणवत होती. फरशी, डांबर, फरशांच्या फटीतलं गवत, खोदून ठेवलेल्या चरातला पिवळा मुरूम. ह्यात किती असेल, त्यात किती असेल. अकरा, बारा, नऊ. सगळं शहर बहुधा अकराच्या आसपास होतं, आणि त्यात एक घर होतं जिथे शहाण्णव होते. का? हा प्रश्न तिनं सकाळपासून स्वतःला विचारला नव्हता. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर तो विचारावाही लागला नाही, कारण मागच्या अंगणातून नळाचा आवाज आला आणि त्या आवाजाबरोबर आठवणीतलं काळं पाणी आलं.

आबा, तिचे सासरे, बावीस वर्षं त्या तुकडीबरोबर वर जात होते. शिकलेल्यांचं सामान वाहायचं, दोर लावायचे, कुठला बर्फ पेलेल आणि कुठला दगा देईल ते सांगायचं, हे त्यांचं काम. घरी यायचे ते उन्हाळा सरता सरता, नाकाची साल निघालेली आणि ओठ फुटलेले. आल्या आल्या आधी मागच्या नळावर. दोर, बूट, गाळ भरायची ताटं, पाठीवरची पोती, सगळं तिथे धुतलं जायचं. पाणी काळंभोर निघायचं आणि दगडांच्या मधून वाट काढत वाफ्याकडे जायचं. सासूबाई दारात कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "तो डोंगर तिथे ठेवून यायचं सोडून घरात कशाला आणता?" आणि आबा म्हणायचे, "अगं, खत आहे ते. तुझी झाडं बघ कशी हसतायत." झाडं खरंच हसायची. सासूबाईंचा पुदिना त्या वाफ्यात कंबरेएवढा व्हायचा. तळाशी उरलेला गाळ आबा हातानं निपटून गुलाबाच्या मुळाशी घालायचे, कारण वरून आणलेलं काही टाकून द्यायला त्यांच्या जिवावर यायचं. तिची मुलगी चालायला लागली ती त्याच वाफ्याच्या कडेनं. एकदा तोंडभर माती घेऊन आली होती, काळे ओठ, काळी जीभ, आणि सगळं घर हसून हसून बेजार. त्याचा फोटोसुद्धा आहे. ती फाटकापाशी उभी राहून मनातल्या मनात हिशोब करू लागली. चमचाभर माती, फार तर दहा ग्रॅम. वाफ्यात किलोला दोन-तीन हजार धरले तरी दहा ग्रॅमचे वीस-तीस बेकरेल, पोटातून जाणारे. काहीच नाही. केळ्यात पोटॅशियमचे तेवढे असतात. हिशोब बरोबर होता, तिनं दोनदा केला, आणि दोन्ही वेळा तोंडात मातीची चव तशीच राहिली. आत आबा नळ बंद करून वाटाण्याच्या शेंगा धुऊन घेऊन निघाले होते. "आज लवकर?" ते म्हणाले. ती म्हणाली, "डोकं दुखतंय."

रविवारी सकाळी तिनं अंगणातून सात पिशव्या भरल्या. नळापासून, वाफ्याच्या दोन्ही टोकांपासून, खिडकीखालून, कुंपणाकडून. आबा पायरीवर बसून शेंगा सोलत होते. "काय शोधतेस?" त्यांनी विचारलं. "ऑफिसला हवीय," ती म्हणाली. "तुमच्या ऑफिसला माती पुरत नाही का अजून?" ते म्हणाले आणि हसले. एके काळी त्यांनीच सरांकडे शब्द टाकून तिला त्या ऑफिसात लावलं होतं. माझी सून आकड्यात पक्की आहे, असं सांगून. नवरा दाढी करता करता खिडकीतून बघत होता. तिनं त्याला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "चौदा वर्षं कुणाला कळलं नाही." मग, "छत्री मी धरली होती." दोन्ही वाक्यांतून नेमकं काय करावं असं त्याला म्हणायचंय ते तिला कळलं नाही. बहुधा त्यालाही कळलं नसावं. सोमवारी तिनं माती भट्टीत वाळवली, मंगळवारी चाळली आणि एकेक बरणी तास-दोन तास पेटीत ठेवली, जाडसर आकड्याला तेवढं पुरतं. नळापाशी दोन हजार तीनशे. वाफ्यात सातशे, नंतर चारशे. खिडकीखाली चौऱ्याण्णव. कुंपणाकडे चौदा. कागदावर आकडे मांडल्यावर काळ्या पाण्याची वाट दिसायला लागली, नळापासून निघालेली, दगडांच्या मधून वळलेली. बावीस वर्षांची वाट.

आबांना सांगायचं कसं याची तिनं तालीम केली होती. पण बुधवारी घरी आली तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधत बसले होते, आणि ती बॅग खाली न ठेवताच म्हणाली, "आबा, तुम्ही वरून आल्यावर नळावर सामान धुवायचात, ती माती खराब झालीय."

"खराब म्हणजे?"

"वर जे आहे ते खाली आलंय. नळापाशी दोन हजारांवर आहे. शहरात अकरा आहे."

त्यांनी दोऱ्याची गाठ पुरी केली, दातानं दोरा तोडला. "वरच्या गाळात तर तुम्ही वीस हजार म्हणायचात."

"हो."

"म्हणजे त्या मानानं कमी आहे."

"त्या मानानं कमीच आहे. वाफ्याची माती काढून टाकली की संपलं."

आबांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर वाफा होता, त्यात पुदिना. पाच वर्षांपूर्वी सासूबाई रक्ताच्या आजारानं गेल्या, चार महिन्यांत. त्या चार महिन्यांतही त्या मागच्या दारात खुर्ची टाकून वाफ्याकडे बघत बसायच्या. आबा आता काय विचारणार हे तिला माहीत होतं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर तिनं आठवडाभर आकड्यांत बांधून ठेवलं होतं.

"तिचं काय मग?" आबांनी विचारलं.

"त्याचा याच्याशी संबंध नाही. मी हिशोब केलाय. रोज दोन तास वाफ्यात धरले, वीस वर्षं धरली, तरी जमिनीतून आभाळातून कुणालाही वर्षभरात जे किरण मिळतात त्याहून कमीच होतं. सगळं मिळून."

"नक्की?"

ती हो म्हणणार होती. पण तिच्यातली मोजणारी बाई आड आली. "नक्की असं कुणालाच सांगता येत नाही, आबा. पण याच्यामुळे झालं असेल असं मला वाटत नाही. माझी आई असती तरी हेच सांगितलं असतं."

आबांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही ते दिसलं नाही. त्यांनी चष्मा घातला, काढला, काच सदऱ्याला पुसली. ती बॅग अजून खांद्यावर धरून उभी होती. मग ते म्हणाले, "तू मोजायला नेलीस ती माती खिडकीखालची होती ना? पोटुशी होतीस तेव्हा. मी वर होतो, पण ही सांगायची. सून भर पावसात अंगण उकरते म्हणून."

तिला वाटलं होतं की ही गोष्ट तिची आणि नवऱ्याची आहे. "हो," ती म्हणाली.

"त्याच मातीशी तुम्ही कुरणाची माती ताडून बघितली."

"हो."

आबा एकदम हसले, आणि ते हसू तिला आवडलं नाही. "अहवाल आला तेव्हा मला पाठवलं होतं ना वर, त्यांना समजावून सांगायला. कागद त्यांना कळेना. मी म्हटलं, बाबांनो, कागद सोडा. माझ्या सुनेनं मोजलंय. तुमची माती अगदी आमच्या दारातल्या मातीसारखी आहे. निर्धास्त राहा." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "काय खोटं बोललो?"

ती खुर्चीवर बसली. बॅग मांडीवर आली. सासूबाईंच्या प्रश्नाची तयारी करण्यात तिनं आठवडा घालवला होता, आणि कुरणाचा विचार तिच्या मनात होता तो एकशे सतरा या आकड्यापुरता. तिथे माणसं आहेत हे तिला माहीत होतं, नमुन्याच्या पिशवीवर गावाचं नाव असतं तसं. आबांना ती माणसं चेहऱ्यानं माहीत होती. त्यांची चूल, त्यांची कुत्री, कुणाच्या घरात कोण म्हातारं आहे. ती चौदा वर्षांत एकदाही वर गेली नव्हती. आबा म्हणाले, "खालच्या अंगाला ओढा पसरतो तिथे पाणथळ आहे. गाळ सगळा तिथे बसतो. तिथलं मोजलंत का कधी?"

"नाही. गरज दिसत नाही असं लिहिलं होतं."

"अळंबी तिथेच येतात," आबा म्हणाले. मग उठून त्यांनी चहाचं आधण ठेवलं. पाण्याला उकळी येईपर्यंत दोघंही त्या भांड्याकडे बघत राहिले. मग आबा पाठमोरेच म्हणाले, "उद्या सांगशील ना साहेबांना? नाहीतर मी येतो."

तिनं सांगितलं. सकाळी नऊला, उभ्यानं, सरांनी खुर्ची दाखवली तरी. सात पिशव्यांचा कागद पुढे ठेवला, बागेतल्या माळ्याचं सांगितलं, पावसाचं आणि सातव्या महिन्याचं सांगितलं नाही. कारण सांगताना ते सबबीसारखं वाजलं असतं, आणि ते होतंही तसंच. सर रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, तिथेच ठेवला आणि चष्म्याशिवाय खिडकीबाहेर बघत राहिले, जिथे त्यांना काहीच दिसत नसणार. "चौदा वर्षं म्हणजे एकोणीस अहवाल," ते म्हणाले.

"सतरा. दोनांत तुलना नव्हती."

"लेखी द्या."

"आणलंय."

त्यांनी कागद घेतला, वाचला नाही. "त्या दिवशी मी तुम्हाला वाट दिली होती, ताई. भर टाकली असेल म्हणालो होतो. तुम्ही असेल म्हणालात."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"काय?"

भर टाकली नाही हे, असं ती म्हणणार होती, पण तेही पुरतं खरं नव्हतं. सर म्हणाले, "यंत्राला आता हात लावू नका. चौकशी होईल. माझीही होईल, दुसरं वाक्य माझं आहे." मग त्यांनी फोन उचलला आणि कुरणावर जायला गाडी कधी मिळेल ते विचारलं. तिनं दारापाशी जाऊन विचारलं, "मी येऊ का?" सरांनी फोनवर हात ठेवला. "कशाला?" ते म्हणाले. तिला कारण सांगता आलं नाही, आणि कदाचित म्हणूनच त्यांनी हो म्हटलं.

दहा दिवसांनी गाडी निघाली. मधल्या काळात नवऱ्यानं आणि तिनं मिळून वाफा खणला, माती पिंपांत भरली, पिंपं ऑफिसची गाडी येऊन घेऊन गेली. मुलीनं विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. तो फोटोसुद्धा काढून दाखवला. चौदा वर्षांची मुलगी फोटोकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी अंधारात चमकते का?" आणि तिच्या आईला हसू आलं, आठवड्यातलं पहिलं. आबा गाडीत पुढे बसले. मीच बोललो होतो, मीच सांगतो, असा त्यांचा हेका होता आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांचं कारण कुणी पुढे करायची हिंमत केली नाही. रस्ता वर वर जात होता आणि ती खिडकीतून बघत होती. बरण्यांवर लिहिलेली गावं एकेक करून येत होती. दुकानं असलेली, कपडे वाळत घातलेली, पाटीवर नावातला एखादा काना पुसला गेलेली. शेवटच्या वळणानंतर हिमनदी दिसली. तिला वाटलं होतं ती पांढरी असेल. ती राखाडी होती, मळक्या चादरीसारखी, आणि जवळून आणखी काळी असणार हे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं ती चमच्या-चमच्यानं हिला मोजत होती.

कुरणवाले पंधरा-सोळा जण जमले होते. आबा बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं." तशी ती पुढे झाली आणि म्हणाली, "त्यांनी नाही. माती मी मोजली, चूक माझी आहे," आणि सगळं सांगितलं. खिडकी, बरणी, एकशे सतरा, अकरा. लोक शांतपणे ऐकत होते. एक म्हातारा सरकून आबांना बसायला जागा करून देत होता, त्यांच्या गुडघ्याकडे बोट दाखवत काही विचारत होता. कुणी आवाज चढवला नाही. एकानं फक्त विचारलं, "म्हणजे सहा वर्षं?" आणि ती हो म्हणाली, आणि तो शेजारच्याकडे वळून हळू आवाजात काहीतरी बोलला. ते तिला ऐकू आलं नाही. पुढे कित्येक दिवस ते तिला ऐकू येत राहिलं. सरांनी सांगितलं की आज पाणथळातले नमुने नेतो, तीन आठवड्यांत निकाल कळवतो, तोवर अळंबी काढू नका, मेंढ्या पाणथळाकडे सोडू नका.

मागे एक बाई उभी होती, पन्नाशीची, हातात काठी. तिच्या पाठीशी भिंतीपलीकडे तीस-पस्तीस मेंढ्या ताटकळत होत्या. "हे कधी जाणार?" बाईनं विचारलं.

"तीस वर्षांत निम्मं होतं," ती म्हणाली.

बाईनं जरा हिशोब केला. "तोवर माझी सून माझ्याएवढी होईल." मग म्हणाली, "ते राहू दे. आज कुठे नेऊ यांना?"

"निकाल आल्यावर..." सरांनी सुरुवात केली.

"तीन आठवडे यांना काय सांगू?" बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरोखर विचारत होती. मेंढ्या भिंतीवरून माना वर करून बघत होत्या.

तिनं सरांकडे पाहिलं. यंत्राला हात लावू नका, असं ते म्हणाले होते. सरांनी गाडीतून हातात धरायचं मोजणीयंत्र काढलं आणि तिच्याकडे दिलं. "हे जाडंभरडं सांगतं," ती बाईला म्हणाली. "बारीक कळत नाही याला. जास्त असेल तेवढं कळतं."

"मलाही बारीक कळत नाही," बाई म्हणाली. "चला."

ओढ्याच्या काठानं ती पुढे निघाली, यंत्र गुडघ्याच्या उंचीवर धरून. मागे बाई, बाईच्या मागे मेंढ्या. पाणथळाच्या कडेला यंत्राची टकटक एकदम दाटली, पत्र्यावर वाटाणे सांडावेत तशी. तिथली माती काळी होती आणि गवत फार सुंदर होतं. "इथे नको," ती म्हणाली. बाईनं काठी आडवी धरली. दोघी चढाला लागल्या. "इथे?" मागून बाईनं विचारलं. "इथेही नको." ओढा मागे पडला, दगडांचा एक बांध आला. बांधापलीकडे गवत खुरटं होतं, पिवळट, वाऱ्यानं झोपलेलं. टकटक विरळ झाली. ती थांबली आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजलं. मग चार पावलं डावीकडे जाऊन आणखी एक मिनिट, मग उजवीकडे. बाई काठीवर हनुवटी टेकून थांबली होती, तिला घाई नव्हती. एक मेंढी पुढे येऊन यंत्राचा पट्टा चाटू लागली.

"गवत चांगलं नाही इथलं," बाई म्हणाली.

"हो."

"पण चालेल?"

तिनं आणखी एकदा मोजलं. "आज चालेल. उद्या त्या पलीकडच्या उतारावर बघू."

"उद्या आहात तुम्ही?"

सर आणि गाडी संध्याकाळी परत जाणार होते. तिनं खाली पाहिलं. घरांसमोर आबा त्या म्हाताऱ्याशेजारी बसले होते, इतक्या लांबून दोघांतला कोण कोणता ते कळत नव्हतं. "आहे," ती म्हणाली. बाईनं जिभेनं एक आवाज काढला आणि मेंढ्यांनी माना खाली घातल्या.